वामनराव कडोलकर आणि एक न पाहिलेले पाणी

वामनराव कडोलकर यांची आणि माझी पहिली भेट झाली ती मी त्यांच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून रुजू झालो त्याच दिवशी, आणि ती काही फार गोड नव्हती. मी फळ्यावर निसर्गचित्र काढत होतो. दोन डोंगर, मधून वाहणारी नदी, काठावर एक झोपडी. सगळे ड्रॉइंग मास्तर काढतात तसेच. दाराशी काळ्या टोपीतले एक उंच, सावळे गृहस्थ येऊन उभे राहिले. बराच वेळ फळ्याकडे पाहून त्यांनी विचारले, "मास्तर, ही नदी कुठली?"

"कुठली म्हणजे? नदी आहे," मी म्हटले.

"तसं कसं? कुठली तरी असंलच की. काठ बघून ओळखतो म्हटलं, तर हिला काठच न्हाय."

एवढे बोलून ते नमस्कार करून निघून गेले. नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी, भरल्या वर्गासमोर आपले चित्र असे निकालात निघाले की माणसाला जो राग यायचा तो मला आला. मधल्या सुट्टीत चौकशी केली तेव्हा समजले की हे संस्कृतचे शिक्षक, मूळचे कडोलीच्या शेतकरी घराण्यातले, आणि शाळेतले लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पुढच्या रविवारी तेच अण्णा माझ्या बिऱ्हाडी हजर झाले. "चला, काठ दाखवतो," म्हणाले. मार्कंडेय नदीच्या काठाने आम्ही दिवसभर चाललो. पाण्याने खालून पोखरलेला काठ वेगळा, गुरांनी तुडवलेला वेगळा, धुणाऱ्या बायकांनी झिजवलेला वेगळा, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. संध्याकाळी परतताना माझा राग कुठल्या काठावर राहिला ते मला सांगता येणार नाही.

अण्णा यंदा साठी पूर्ण करत आहेत. त्यांच्या संस्कृत अध्यापनाविषयी या गौरवग्रंथात अधिकारी माणसे लिहीत आहेत. माझा संस्कृतशी संबंध मंगलाष्टकांपुरता. मात्र डोंगर, ओढे, माळ, दरडी यांची नावे गोळा करत अण्णा बेळगाव-निपाणी भागात जी पायपीट करत आले, तिच्यात बहुतेक वेळा मी पाठीवर चित्रांची फळी बांधून त्यांच्या मागे होतो. तेव्हा लिहायचे तर तेवढेच लिहावे, असे ठरवले आहे.

अण्णांची कामाची रीत अशी की, जमिनीच्या एखाद्या रूपाचे नाव हवे असले तर ते कोणालाही विचारायचे नाही. येळ्ळूरच्या शिवारात मी एकदा ही रीत मोडली. समोरच्या उभ्या चढाकडे बोट करून एका शेतकऱ्याला विचारले, "याला काय म्हणता?" त्याने माझा कोट पाहिला, माझा चष्मा पाहिला आणि अदबीने सांगितले, "टेकडी म्हणायचं, साहेब." अण्णांनी बांधावर बसून पानाची चंची सोडली, त्या गृहस्थांना पान दिले, पिकापाण्याच्या गोष्टी काढल्या. तासाभराने तेच गृहस्थ आपल्या भावाला ओरडून म्हणाले, "म्हस दरडीला गेली बघ रं." अण्णांनी माझ्याकडे पाहून नुसत्या भुवया उंचावल्या. माणूस आपल्या कामात असताना, न विचारता, त्या जागेवर जो शब्द बोलतो तोच खरा. बाकीचे शब्द तो पाहुण्यापुढे चहा ठेवावा तसे ठेवतो, असे त्यांचे म्हणणे.

या रीतीला जोडून दुसरा नियम होता आणि तो फार कडक होता. ज्या जागेवर आपण स्वतः उभे राहिलो नाही, तिच्या शब्दावर एक ओळही छापायची नाही. एका शब्दासाठी ते जांबोटीच्या रानात ऐन पावसाळ्यात चालत गेले. मोटार वाटेतच रुतून बसली होती. पायांना जळवा, टोपीतून पाणी, आणि गुडघा तर तेव्हापासूनच कुरकुरणारा. मी वैतागून म्हटले, "अण्णा, जांबोटीचे लोक दर आठवड्याला बेळगावच्या बाजारात येतात. तिथेच कान दिला असता तर भागले नसते का?" ते म्हणाले, "बाजारात आलेला माणूस बाजारचं बोलतो, मास्तर. रानातलं रानात." हे बोलताना ते पोटरीवरची जळू चुन्याने सोडवत होते, आणि चेहरा असा प्रसन्न की जणू कोणी अत्तर लावते आहे.

कन्नड आणि मराठीच्या शब्दांवरून शाळेत पोरांची जुंपायची. तोच प्रवाह या गावात ओढा आणि पलीकडच्या गावात हळ्ळ. मग खरे नाव कोणते, यावरून एकदा दोन विद्यार्थी हातघाईवर आले. अण्णांनी दोघांना घेऊन त्या ओढ्याची वाट धरली, वरच्या गावापासून खालच्या गावापर्यंत चालवले आणि विचारले, "पाणी कुठं बदललं ते दाखवा." पोरे येताना एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आली. त्यातला एक आज चिकोडीला वकिली करतो आणि दुसऱ्याचेच खटले चालवतो, असे ऐकतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. अण्णांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा शब्द आपल्या मुलखातला नाही. तो नॉर्वे देशाचा आहे.

नॉर्वे हे नाव आम्ही भूगोलाच्या पुस्तकापलीकडे ऐकले नव्हते. पण बेळगावच्या कॅम्पाकडच्या एका दवाखान्यात त्या देशाहून आलेल्या एक परिचारिका होत्या. नाव इंगा. खेडोपाडी बाळंतपणे करत फिरायच्या म्हणून सगळा मुलूख त्यांना इंगाआक्का म्हणे. मराठी त्या बायाबापड्यांकडून शिकल्या होत्या. निळ्या डोळ्यांची ती गोरीपान बाई "काय गं, कवाधरनं कळा येत्यात?" असे विचारू लागली की नवखा माणूस चकित व्हायचा. त्यांना मराठी लिहायला-वाचायला शिकायचे होते, म्हणून त्या अण्णांकडे येऊ लागल्या.

एके दिवशी अण्णांनी त्यांना स्वतःच्या गावाचे वर्णन लिहायला सांगितले. इंगाआक्कांनी लिहिले, 'आमच्या गावाच्या इकडे डोंगर. तिकडे डोंगर. मध्ये' आणि लेखणी थांबली. अण्णांनी विचारले, नदी का? न्हाय. तळे? न्हाय. खाडी? इंगाआक्का म्हणाल्या, "खाडी म्हणा पायजे तर. पण खाडीला असं डोंगर कुठं असत्यात? आन् खोल तर इतकं की मोठं जहाज डोंगराच्या पायाला येऊन टेकतंय." मग त्यांनी आपल्या भाषेतला शब्द सांगितला. फ्योर्ड.

अण्णांनी तो शब्द त्या दिवशी धरला तो आजवर सोडलेला नाही. इंगाआक्कांकडून त्यांनी त्यांची भाषा शिकून घेतली. मुंबईच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून वर्षानुवर्षे चिकाटीने शोधून नॉर्वेच्या शेजारच्या देशांचे कोश मिळवले. ते ठेवायला अण्णांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, लोणच्याच्या बरण्या फळीवरून खाली आल्या, त्या अजून खालीच आहेत. हळूहळू असे दिसू लागले की त्या सगळ्या उत्तरेकडच्या देशांत हा शब्द आहे, आणि प्रत्येक ठिकाणी पाणी मात्र निराळे आहे. नॉर्वेत तो उंच कड्यांमधल्या अरुंद, खोल पाण्याला लागतो. डेन्मार्कमध्ये डोंगरच नाहीत. तिथे सपाट काठांच्या उथळ पाण्यालाही तेच नाव. ("गुडघाभर पाण्याला बी फ्योर्ड म्हणत्यात ते," इंगाआक्का नाक मुरडून सांगायच्या.) स्वीडनमध्ये त्याचे फ्येर्ड होते आणि बेटाबेटांच्या मधले मोकळे पाणी असा अर्थ होतो. आइसलँडात रुंद उपसागरही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर खलाशांनी तो नेऊन ठेवला तिथे फर्थ झाला. एक शब्द होडीत बसून निघाला, किनाऱ्याकिनाऱ्यावर उतरला आणि जे पाणी समोर दिसले त्याला चिकटला. अण्णा हे सांगत तेव्हा त्यांचा आवाज बारीक होत असे, देवळात होतो तसा.

पण मला सर्वांत हलवून गेला तो दिवस वेगळा. शिक्षकांच्या खोलीत अण्णांनी माझ्या चित्राच्या फळीवर खडूने लिहिले: पितृ, फादर. पाद, फूट. "बघा मास्तर, आपला प तिकडं फ होऊन बसतोय. आता त्यांच्या फ्योर्डचा फ काढा, आपला प बसवा." इंग्रजीतले फेरी म्हणजे पलीकडे नेणारी होडी आणि फोर्ड म्हणजे नदीतला पायउतार, जर्मनांचा प्रवासाचा शब्द, सगळे एका ओळीत त्यांनी मांडले आणि ओळीच्या शेवटी आपला शब्द लिहिला: पार. नदीपार जातो, पार पडतो, तोच पार. ज्या मुळातून तो निघाला त्याच मुळातून फ्योर्ड. माझ्या अंगावर काटा आला. कुठे ते बर्फाचे कडे आणि कुठे आमची मार्कंडेय; आणि पाण्याकडे पाहून दोन्हीकडच्या माणसांच्या तोंडून एकाच आईची लेकरे बाहेर पडली. मी चित्रे काढणारा माणूस, शब्दांनी सहसा भारावत नाही. त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतरचा तास मी कसा घेतला मला आठवत नाही.

अण्णांनी यावर निबंध लिहिला. त्यांचा सिद्धान्त असा होता की, जे ओलांडून पलीकडे जायचे ते पाणी, म्हणून ते नाव. पुण्याच्या एका मासिकाने निबंध मागितला. अण्णांनी दिला नाही. "मी ते पाणी बघितलेलं न्हाय," एवढेच उत्तर. शाळेत सगळे हळहळले. आम्हा मित्रांना हा शुद्ध हट्ट वाटला. येळ्ळूरला चालत जाता येते, जांबोटीला धडपडत जाता येते. नॉर्वेला कसे जायचे? नियमाला काही धरबंध हवा की नको? मी हे त्यांना तोंडावर बोललो आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

मग सदलग्याचा प्रसंग घडला. अण्णांची भाची तिथे दिली आहे. पुराच्या दिवसांत दूधगंगेकाठचे लोक पाण्याविषयी कसे बोलतात ते ऐकायला आम्ही गेलो होतो. इंगाआक्का तोवर निपाणीकडच्या दवाखान्यात गेल्या होत्या. पलीकडच्या गावात एक पहिलटकरीण अडली होती, म्हणून त्या भिजत बैलगाडीने सदलग्याला आल्या. गावची नाव पुरात वाहून गेलेली. अशा वेळी त्या भागात एकच साधन असते, काहील. काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस कढवायची लोखंडी कढई, चार माणसे मांडी घालून बसतील एवढी मोठी. पट्टीचे पोहणारे तिच्या कडा धरतात आणि ढकलत नेतात. इंगाआक्का पेटी घेऊन बसल्या. अण्णा छत्री घेऊन बसले. मी बसलो तो केवळ काठावर उभे राहण्याची लाज वाटली म्हणून.

काहील आधी काठाकाठाने पुष्कळ वर ओढून नेली, मग पाण्यात सोडली. पाण्याने खाली ओढले तरी समोरच्या गावालाच लागावी म्हणून ही युक्ती. पोहणाऱ्यांचे म्होरके धोंडीआप्पा मला म्हणाले, "मास्तर, हालू नगासा. काहील हाय ही, पालखी न्हवं." मी डोळे पलीकडच्या काठावर खिळवून ठेवले होते. अण्णांचेही तिकडेच. सगळ्यांचे तिकडेच. फक्त इंगाआक्का पाण्याच्या लांबीकडे, खाली पार वळणापर्यंत बघत होत्या. आपल्याच नादात त्या म्हणाल्या, "तुमी माणसं पाण्याकडं बघताय म्हणजे पल्याडचा काठच बघताय. आमी न्हाय तसं बघत."

"मग कसं बघताय?" अण्णांनी विचारले.

"उभ्यानं. हितनं तिथंवर. आमच्या डोंगरात रस्ता कुठला? शाळंला पाण्यावरनं, बाजाराला पाण्यावरनं, नवरी सुदीक होडीतनंच सासरला. पाणी आडवं येत न्हाय वो अण्णा आमच्यात. पाणीच वाट."

अण्णांची नजर पलीकडच्या काठावरून सुटून खाली वळणाकडे गेली. छत्री वाऱ्याने उलटी झाली तरी त्यांना कळले नाही. ते घाबरले असावेत असे मला वाटले आणि, खरे सांगायचे तर, सोबत मिळाल्याने बरे वाटले.

पलीकडे पोचताच इंगाआक्का घरात गेल्या. आम्ही अंगणात बसलो. घरच्या मंडळींनी गुळाचा चहा दिला. संध्याकाळी आतून बाळाचे रडणे ऐकू आले, मुलगी झाली होती आणि आईही सुखरूप होती. तेव्हा कुठे अण्णा बोलले. "मास्तर, माझा निबंध चुकला. मूळ बरोबर हाय, पण त्या शब्दाचं तोंड मी भलतीकडं फिरवलं." मग त्यांनी समजावून सांगितले. आपल्या मुलखात नदी नेहमी आडवी असते. आपल्या आणि बाजाराच्या मध्ये, आपल्या आणि लेकीच्या सासरच्या मध्ये. दूधगंगेतून उभ्याने प्रवास कोणी केला आहे? म्हणून 'पार' म्हटले की आपल्याला पलीकडचा काठ दिसतो. त्यांना तो दिसतच नाही. त्यांचे पाणी जायचे-यायचे पाणी आहे. कडोलीत जन्मलेल्या माणसाने नॉर्वेचा शब्दही आपल्या नदीत आडवा घातला, आणि इतकी वर्षे त्याला पत्ता नव्हता.

मी घाबरत त्यांच्या तोंडाकडे पाहिले. इतक्या वर्षांची मेहनत त्या काहिलीत बुडाली होती. पण अण्णांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. "केवढं हाय बघा हे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "केवढं हाय." आपली चूक सापडल्यावर माणसाला एवढा आनंद होऊ शकतो हे मी आधी कधी पाहिले नव्हते आणि नंतरही पाहिलेले नाही. त्यांच्या नियमाला मी हट्ट म्हणत होतो. छापला असता तर तो निबंध आज कोशांतून मिरवत असता आणि चूक असता.

त्यांच्या प्रेमळपणाविषयी एक सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मला विषमज्वर झाला तेव्हा माझे ड्रॉइंगचे तास अण्णांनी घेतले, कारण रजेवर गेलो तर माझी जागा दुसऱ्याला मिळेल अशी भीती होती. अण्णांना सरळ रेघ ओढता येत नाही. त्यांनी मुलांना सांगितले, तुमच्या गावाचा ओढा काढा, आणि मास्तर बरे होऊन आले की ओळखतील कुणाचा कुठला ते. मी कामावर परतलो तेव्हा टेबलावर ओढ्यांचा ढीग होता. आजाराने मन इतके हळवे झालेले. एकेक ओढा ओळखता ओळखता मी टेबलाशी बसून रडलो. त्या काळात घरी रोज सकाळी वहिनींच्या हातची पेज यायची आणि ती घेऊन अण्णाच यायचे.

या ग्रंथाची तयारी सुरू झाली तेव्हा समितीने अर्थातच तो निबंध मागितला, नव्याने लिहून. अण्णा म्हणाले, "ते पाणी उभ्यानं बघितल्याबिगर आता तर न्हाईच." मग समितीने शाल-श्रीफळाचा बेत रद्द केला आणि अण्णांना नॉर्वेला पाठवायचे ठरवले. खर्चाला जुने विद्यार्थी पुढे झाले. युद्ध संपले आहे, बोटी पुन्हा सुटू लागल्या आहेत. इंगाआक्का युद्धाआधीच मायदेशी परतल्या होत्या. मधली वर्षे त्यांचा ठावठिकाणा नव्हता. आता त्या खुशाल असल्याचे कळले आहे.

अडचण एकच आहे, आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी अण्णांचे हृदय तपासून प्रवासाला साफ नकार दिला. समितीत दोन तट पडले. गौरव करायचा की घात, असे एकाने विचारले. शेवटी आम्ही अण्णांच्या घरी गेलो. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. "गुडघं बी दुखत्यात रं," एवढेच म्हणाले. वहिनी आतून आल्या. त्या आमच्यात कधी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

"लग्न होऊन आले तवापासनं ह्यांना शब्दामागं जाताना बघतीय. कुटं जाऊ नगा असं मी कदी म्हटलं न्हाय. आज डॉक्टर म्हणत्यात म्हणून मी म्हणू व्हय? हितं बसून ह्यांचं काळीज बरं ऱ्हाईल असं तुमाला वाटतंय काय?"

अण्णांनी वर पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमची फळी घेऊन चला संगट. मला काठ काढता येत न्हाय."

हा ग्रंथ वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आम्ही दोघे समुद्रावर असू. अशा लेखाच्या शेवटी शतायुषी व्हा म्हणायची पद्धत आहे. मीही परमेश्वराकडे मागतो आहे, पण माझे मागणे आज एवढेच आहे की अण्णांच्या हृदयाने त्या पाण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साथ द्यावी, तिथून घरापर्यंत द्यावी, आणि त्यापुढे ते लिहायला बसतील त्या सगळ्या वर्षांतही द्यावी.

सध्याच्या कागदटंचाईत समितीने एक उधळेपणा केला आहे. या लेखानंतरची काही पाने कोरी आहेत. ती छपाईची चूक समजून कोणी फाडू नयेत. तिथे अण्णांचा निबंध यायचा आहे.